विसरलेले खसखशीचे रोल

ज्या वर्षी माझ्या भाचीच्या मुलीचं, कॅराचं, लग्न झालं, ते दोन हजार अकरा साल. जून महिना होता. लग्नाच्या दिवशी सकाळी माझी भाची बर्नाडेट, म्हणजे नवरीची आई, केसांना जाळी बांधून स्वयंपाकघरात उभी होती. फोन कानाला, नजर भिंतीवर. मी कोबीच्या पानांत भरलेल्या खिम्याचं पातेलं फडक्यात बांधत होते, हॉलवर न्यायला.

तिने फोन ठेवला.

"मावशी, आला."

"कोण आला? इतक्या सकाळी?"

"माझा नंबर आला."

मी फडक्याची गाठ अर्धी सोडून दिली. "आज? अगं, आज लग्न आहे!"

"ते त्या फोनमधल्या बाईला कुठे माहीत आहे?" बर्नी म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

त्या बाईला खरंच काही माहीत नव्हतं. ती रेकॉर्ड केलेली बाई होती. बर्नीने रोज सकाळी फोन करायचा, आपला नंबर दाबायचा, आणि बाई सांगायची, आज तपासणी आहे किंवा आज नाही. आज आहे म्हटलं की त्याच दिवशी जाऊन, दुसऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत, कपात लघवी करून द्यायची. गेलं नाही तर नशा केली असं धरायचे. कारण चालायचं नाही. बर्फ पडला, गाडी बंद पडली, मुलीचं लग्न निघालं, सगळं सारखंच.

बर्नी आमच्या गावच्या हॉस्पिटलात वीस वर्षांहून जास्त नर्स होती. मी त्याच हॉस्पिटलात तळघरात, धुलाईखात्यात. वरच्या मजल्यावर कोण कसं काम करतं ते चादरींवरून खाली कळतं. बर्नीच्या वॉर्डातल्या चादरी घडी करून यायच्या, मळलेल्यासुद्धा. मग एकदा खाणीतल्या एका अवजड म्हाताऱ्याला पलंगावर वर ओढताना तिची कंबर गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे गोळ्या बंद केल्या, पण कंबर काही डॉक्टरांचं ऐकेना. वॉर्डात सुईत उरलेलं दुखण्याचं औषध दुसऱ्या नर्ससमोर ओतून टाकायचं असा नियम असतो. धावपळीत ती दुसरी नर्स लांबूनच मान डोलवायची. सगळ्याच तसं करायच्या, एकमेकींवर विश्वास म्हणून. बर्नी ते उरलेलं औषध ओतेनाशी झाली.

एके दिवशी ती कपड्यांच्या खोलीत बसल्या जागी झोपलेली सापडली. परवाना गेला. नवरा तर त्याआधीच गेला होता, फ्लोरिडाला. ती उपचार घेऊन आली ती थेट माझ्या घरी. नर्सिंग मंडळाने सांगितलं, अटींवर काम कर, तीन वर्षं देखरेखीखाली राहा, आम्ही म्हणू तेव्हा तपासणी दे, मग परवाना पुरता परत. त्यातली दोन वर्षं ती पार पडली होती. वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली होती, पण औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे द्यायच्या नाहीत या अटीवर. तिच्या म्हाताऱ्यांना दुखण्याची गोळी दुसरी नर्स द्यायची, आणि बदल्यात बर्नी त्या नर्सच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. "मावशी," ती म्हणायची, "आंघोळ घातली की माणूस हसतं तरी. गोळीला कोण हसतं?"

तर हे सगळं कॅराला माहीत होतं आणि मला. गावात कुजबुज होती. नवऱ्यामुलाकडच्यांना, म्हणजे डेव्हिनच्या घरच्यांना, मात्र काहीच माहीत नव्हतं. ते शहरातले, वडील दातांचे डॉक्टर. आई मिसेस पॅक्स्टन, उंच, सडपातळ, बोलणं अगदी मोजकं. तिच्यासमोर बर्नी घरातसुद्धा पाठ ताठ करून बसायची.

"सकाळीच जाऊन ये," मी म्हटलं. "आत्ता नीघ."

"गावातलं केंद्र शनिवारी बंद. डोंगरापलीकडचं उघडं असतं, तेही दुपारी, चारपर्यंत."

"म्हणजे चर्चमधून परस्पर."

"म्हणजे फोटो नाहीत, जेवण नाही." तिने केसांची जाळी चाचपली. "ओढणीपर्यंत तरी परत येऊ ना गं?"

आमच्या लोकांत लग्नाच्या शेवटी नवरीचा नाच असतो. सगळे तिच्याबरोबर एकेक फेरी नाचतात, आणि मग नवरीची आई तिच्या डोक्यावरची पांढरी ओढणी उतरवते आणि रुमाल बांधते. मुलगी होती, आता बाई झाली. आमचे आजोबा जुना देश सोडून बोटीतून इकडे आले तेव्हा सामान फार नव्हतं, पण ही रीत बरोबर होती. आई जिवंत असताना दुसरीने ओढणी काढली तर लोक वर्षानुवर्षं बोलतात.

"येऊ," मी म्हटलं. "मी गाडी चालवते. तू पाणी पी थोडं, ओठ बघ कसे झालेत."

"नाही."

"घोटभर."

"नाही म्हटलं ना मावशी!"

तिच्या त्या ओरडण्याचंही कारण होतं. त्या वर्षी तिची लघवी दोनदा पाणचट निघाली होती. बाईसमोर होत नाही, म्हणून बिचारी आधी तांबेच्या तांबे पाणी पिऊन जायची, आणि मग नमुना इतका पातळ निघायचा की प्रयोगशाळा म्हणायची, ही काहीतरी लपवायला पाणी पिते. पहिल्यांदा समज दिली. दुसऱ्यांदा बोलावून घेतलं. तिसऱ्यांदा पाणचट निघाली तर नशा केली असंच समजू, असं स्वच्छ सांगितलं. तेव्हापासून तिने पाण्याची इतकी धास्ती घेतली की लग्न म्हणून आदल्या दिवसापासून, नंबर येईल-न येईल, कोरड्या घशाने वावरत होती. आणि जून महिना, आणि पोटावर आवळलेला तो निळा झगा.

लग्न छान झालं. पाद्रीबाबांनी दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवले. प्रसादाच्या वेळी बर्नी पुढे गेली ती छातीवर हात दुमडून, फक्त आशीर्वाद घ्यायला, कारण आमच्या चर्चमध्ये प्रसाद वाइनमध्ये भिजवून चमच्याने देतात आणि तिला थेंबही नको होता. माझ्या मागच्या बाकावर अ‍ॅग्नेस फेडोरचाक बसली होती. ती दुसऱ्या बाईच्या कानात म्हणाली, पण माझ्याही कानात, "स्वतःच्या मुलीच्या लग्नात प्रसाद घेत नाही, म्हणजे बघ."

मी मागे वळून म्हटलं, "अ‍ॅग्नेस, तू दोनदा घे. तुला गरज आहे."

बाहेर पायऱ्यांवर तांदूळ उडत होते तेवढ्यात मी कॅराला गाठलं आणि कानात सांगितलं. पोरीचा चेहरा क्षणभर पडला. मग तिने माझा हात घट्ट धरला. "आईला सांग, सावकाश ये. ती आल्याशिवाय माझ्या डोक्याला मी कुणाला हात लावू देणार नाही. बँडवाल्यांना रात्रभर वाजवत ठेवते."

मी माझी ब्यूइक गाडी काढत होते तर मिसेस पॅक्स्टन समोर. "तुम्ही दोघी कुठे निघालात? फोटोवाला शोधतोय."

बर्नी गाडीत मान खाली घालून बसली होती. मी काच खाली केली आणि तोंडात आलं ते बोलून टाकलं. त्या बाईने मान हलवली, "किती धावपळ करता तुम्ही," म्हणाली आणि बाजूला झाली.

डोंगराचा रस्ता वळणांचा आहे. मी तो जपून चालवते.

"मावशी, मागचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवतोय."

"वाजवू दे. त्याला लग्नाला जायचं नाहीये."

"आपल्यालाही नाही जायचं वाटतं."

मी थोडा पाय दाबला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज नाही झालं ना, तर संपलं सगळं. मी आता पन्नास वर्षांची आहे. मला दुसरं काही येत नाही गं."

धुलाईखात्यातून मी निवृत्त झाले तेव्हा मला कुणी विचारलं नाही की तू आता कोण. नर्सचं तसं नसतं. बर्नी दुकानात गेली तरी लोक तिला बाही वर करून गळू दाखवायचे. परवाना गेला होता त्या महिन्यांतही दाखवायचे, आणि ती "मला आता बघायची परवानगी नाही" असं म्हणायची आणि घरी येऊन रडायची.

केंद्र म्हणजे चपलांच्या दुकानाशेजारचा एक लांबट गाळा. आत खुर्च्या, भिंतीवर नियमांचा फलक, आणि टेबलामागे एक दांडगी बाई, चष्मा दोरीला लटकवलेला. छातीवर नाव होतं लोरेटा. तिने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बर्नीचा निळा झगा, मनगटाला बांधलेली फुलं, माझी पिसाची टोपी.

"लग्नाहून आलात की लग्नाला चाललात?"

"मधूनच उठून आलो," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"हिच्या मुलीचं."

लोरेटाने ओठ दाबले. "चला बाई, उरकून घेऊ." तिने बर्नीचं ओळखपत्र बघितलं, पर्स बाजूला ठेवायला लावली, मनगटावरची फुलंसुद्धा काढायला लावली. दोघी आत गेल्या.

बऱ्याच वेळाने परत आल्या. बर्नीचा चेहरा पांढरा.

"कपावरच्या खुणेपर्यंत आली नाही," लोरेटा मला म्हणाली, जणू मीच जबाबदार. "थोडकी चालत नाही, ओतून टाकावी लागते. आता बसा. झाल्याशिवाय दारातून बाहेर पाऊल टाकायचं नाही. गेलात तर नकार दिला असं मी लिहिणार, मला दुसरं काही लिहिता येत नाही." मग तिने कागदी पेल्यात थोडं पाणी आणून दिलं. "एवढंच. जास्त दिलं तर परत पाणचट निघेल. घोट घोट घ्या."

आम्ही बसलो. मी फलक वाचत बसले. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, अजून सावकाश वाचते, पण वेळ होता. आतल्या नळाला पाणी नसेल. हात गरम पाण्यात बुडवता येणार नाहीत. बरोबरच्या माणसाला आत जाता येणार नाही.

बर्नीने माझी नजर बघितली आणि कडवट हसली. "आयुष्यभर मी लोकांना मुतवलं, मावशी. ऑपरेशन झालेली माणसं, बाळंतिणी, लाजणारे म्हातारे पाद्री. नळ सोडून ठेवायचा, बोटं कोमट पाण्यात बुडवायची, शीळ घालायची. सगळ्या युक्त्या माझ्याकडे. आणि इथे त्यातली एक चालत नाही."

"शीळ तरी घाल," मी म्हटलं.

"शीळ चालेल," लोरेटा टेबलामागून म्हणाली. "फलकावर शीळ नाहीये."

बर्नीने शीळ घालायचा प्रयत्न केला. ओठ कोरडे, नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा आत गेल्या, परत आल्या. नाही. लोरेटाच्या माथ्यावरचं घड्याळ पुढे सरकत होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि स्वतःची खुर्ची बर्नीच्या जवळ आणली.

"तुम्हाला माझा राग येत असेल."

"नाही," बर्नी म्हणाली. "मी पण हेच केलं असतं. बघावंच लागतं. माझ्याकडे कुणी नीट बघितलं असतं तर मी इथे नसते."

लोरेटा चष्मा पुसत बसली.

बर्नी गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, हिला आता रडू येणार, आणि रडून कुणाला लघवी होत नसते. ती एकाएकी म्हणाली, "मावशी, तू डेव्हिनच्या आईला काय सांगितलंस?"

"कधी?"

"निघताना. काच खाली करून. मला ऐकू आलं नाही."

"काही नाही. म्हटलं, मिठायांच्या टेबलावरचं एक राहिलं, ते आणायला चाललोय."

आमच्याकडे लग्नाचा केक असतो, पण तो कुणी खात नाही. खरं असतं ते मिठायांचं टेबल. दोन्हीकडच्या बायका महिनाभर भाजत असतात, आणि लग्न कसं झालं हे त्या टेबलावरून ठरतं.

"काय राहिलं म्हणालीस?"

मी टोपीतलं पीस नीट केलं. "जाऊ दे ना आता."

"मावशी. काय राहिलं?"

"अगं, घाईत सुचलं ते बोलले. लोकांनी विचारून विचारून माझ्या डोक्यात तेच बसलं होतं."

"काय?"

"खसखशीचे रोल," मी म्हटलं.

इथे सांगायला हवं की खसखशीचा रोल म्हणजे मी. सगळ्या परगण्यात माझा रोल माहीत. नाताळ, ईस्टर, लग्न, मयत, जस्टिनाचा रोल हवाच. पण खसखस खाल्ली तर तपासणीत अफू निघते, आणि बर्नीच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, खसखस बंद. ती माझ्याकडे राहायला आली त्या दिवशी मी खसखशीचा डबा, दळायचं यंत्र, सगळं चर्चच्या तळघरात देऊन टाकलं. दोन वर्षं लोकांना थापा मारत होते. हात दुखतो, चांगली खसखस येत नाही, डॉक्टरांनी उभं राहू नको सांगितलंय. या लग्नाला तर अ‍ॅग्नेस फेडोरचाक घरी येऊन म्हणाली होती, "खसखशीच्या रोलशिवाय लग्न? त्यापेक्षा नवऱ्याशिवाय करा."

बर्नी माझ्याकडे बघतच राहिली. "जगात एवढे पदार्थ आहेत," ती हळूहळू म्हणाली. "अक्रोडाचे आहेत, जर्दाळूचे आहेत. आणि माझ्यासाठी थाप मारताना तू... खसखशीचे?"

"मला वाटलं नाही त्या वेळी..."

"लघवी तपासायला जाताना सांगितलंस, खसखस आणायला चाललोय?"

शेजारून एक आवाज आला. लोरेटाने तोंडावर हात दाबला होता आणि तिचे खांदे हलत होते. ते बघून बर्नी फुटली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. मी तिला असं हसताना कंबर मोडल्यापासून बघितलं नव्हतं. तिचा तो आवळलेला झगा कुठेतरी उसवल्याचा आवाज आला, आणि त्यावर ती आणखीच हसली. मीही हसले. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस काचेतून डोकावून गेला.

आणि मग हसता हसता बर्नी ताठ उभी राहिली. डोळे मोठे.

"लोरेटा! कप! कप घ्या, लवकर!"

एवढी दांडगी बाई, पण काय पळाली! दार आपटलं. मी एकटी बाहेर उभी, हातात बर्नीची फुलं. देवाचं नाव मी फार घेत नाही, पण त्या वेळी घेतलं, आणि कशासाठी घेतलं ते पाद्रीबाबांना अजून सांगितलेलं नाही.

दार उघडलं. लोरेटाच्या हातात कप होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि आम्हा दोघींना दाखवला. खुणेच्या वर, आणि रंग चांगला पिवळा.

"पाणचट नाही ही," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं बघतेय."

मग तिने झाकण लावलं, पट्टी चिकटवली, बर्नीची सही घेतली, सगळं नियमाने. शेवटी बर्नीच्या मनगटावर फुलं स्वतः बांधली. "जा आता. मुलगी वाट बघत असेल."

गाडीत बसल्यावर बर्नी म्हणाली, "आता रोल आणायला हवेत."

"कसले?"

"तू सांगितलंस ना त्यांना. रिकाम्या हाताने कशा जाणार?"

खरंच होतं. त्या शहरात एक बेकरी आहे. मी आत गेले, बर्नी बाहेर थांबली, काचेपासूनही लांब. मी चार रोल घेतले. यंत्रावर केलेले, जाड पिठाचे, आत खसखस अशी की जणू उधार आणलेली. वर दुकानाचं नाव छापलेले पुठ्ठ्याचे डबे. मी ते मागच्या सीटवर ठेवून वर माझा कोट टाकला, आणि येताना सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, उगीचच.

बंबवाल्यांच्या हॉलमध्ये बँड चालूच होता. जेवणं होऊन गेली होती. कॅराच्या डोक्यावर ओढणी तशीच होती, घामाने कपाळाला चिकटलेली. ती आईकडे बघत होती, आईने लांबूनच मान हलवली, आणि पोरगी नाचता नाचता डोळे पुसायला लागली. नवऱ्याला वाटलं त्याने पायावर पाय दिला.

मी डबे टेबलावर नेले. उघडते न उघडते तोच अ‍ॅग्नेस हजर.

"जस्टिना. हे दुकानातले आहेत."

"हो."

"यंत्रावरचे."

"हो."

तिने आजूबाजूच्या बायकांना हाक मारली नाही, पण त्या आल्या. कुणी डब्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. कुणी म्हणालं, "म्हातारपण आलं बिचारीला." अ‍ॅग्नेसने एक तुकडा तोंडात घातला, सगळ्यांकडे बघत चावला आणि म्हणाली, "माझ्या मयताला आणू नकोस एवढं कर." मी म्हटलं, "तुझ्या मयताला मी स्वतः करीन, आनंदाने." पंचवीस वर्षांचं माझं नाव त्या टेबलावर गेलं आणि मला त्याचं काही वाटेना. मला भूक लागली होती. मी कोबीचे दोन रोल वाढून घेतले आणि उभ्याने खाल्ले.

तेवढ्यात मिसेस पॅक्स्टन आली. हातात बशी, बशीत खसखशीच्या रोलचा तुकडा. ती सरळ बर्नीकडे गेली. "याच्यासाठी तुम्ही जेवण सोडून गेलात. पहिला घास तुमचा," असं म्हणून तिने काट्यावर तुकडा घेऊन पुढे धरला. विहिणीने विहिणीला भरवायचं, तेही सगळ्यांसमोर. हॉल बघत होता.

मी घास तोंडात ठेवून थांबले. थाप माझी होती, दुसरी थाप शोधायचं कामही माझंच. पोट बिघडलंय म्हणावं, दात दुखतोय म्हणावं, पण दाताच्या डॉक्टरच्या बायकोला दात कसा सांगणार?

बर्नीने काट्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला खसखस चालत नाही. मी नर्स आहे, आणि माझ्यावर देखरेख आहे. औषधाची सवय लागली होती मला. तपासणीत खसखस निघते. आज दुपारी तपासणीलाच गेले होते. मावशीने तुम्हाला थाप मारली." आवाज चढवला नाही, पण बँड नेमका थांबला होता. अ‍ॅग्नेसनेही ऐकलं.

मिसेस पॅक्स्टनचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने काटा बशीत ठेवला, बशी लांबच्या टेबलावर नेऊन ठेवली, कागदी रुमालाने स्वतःची बोटं पुसली, एकेक करून, आणि परत आली.

"मग अक्रोडाचा चालेल?"

"चालेल," बर्नी म्हणाली.

तिने अक्रोडाचा आणला. नव्या काट्याने भरवला. बर्नीने खाल्ला. आणि मग बँडवाला ओरडला की नवरीचा शेवटचा फेरा. बर्नीने कॅराच्या केसांतल्या पिना एकेक काढून तोंडात धरल्या, ओढणी उतरवली, माझ्या आईचा फुलाफुलांचा रुमाल बांधला. झगा काखेत उसवला होता तो सगळ्यांना दिसला. तिने हात खाली घेतला नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. बर्नी कामावरून येऊन मागच्या पायरीवर बूट काढत होती तेव्हा फोन वाजला. तिने ऐकलं, "थँक यू," म्हणाली, आत आली, नळ सोडला, आणि मोठा पेला भरून एका दमात पाणी प्यायली. मग दुसरा भरला. तिसऱ्या पेल्याला म्हणाली, "आपल्या नळाचं पाणी किती गोड आहे गं."

पुढच्या उन्हाळ्यात देखरेख संपली, परवाना पुरता परत मिळाला. वृद्धाश्रमाने औषधांच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. पहिल्या दिवशी तिने त्या दुसऱ्या नर्सला सांगितलं, "मी ओतताना तू लांबून मान डोलवायची नाहीस. इथे येऊन बघायचं." शेवटपर्यंत ती सगळ्यांना तसंच करायला लावायची. तरुण नर्सबायका तिला मागून खडूस म्हणायच्या. आंघोळी घालायचं मात्र तिने सोडलं नाही.

आमच्याकडे नर्स वारली की आसपासच्या नर्सबायका पांढरे कपडे आणि जुन्या पद्धतीच्या टोप्या घालून चर्चमध्ये येतात. त्या नर्ससाठीच येतात, दुसऱ्या कुणासाठी नाही. बर्नीसाठी नऊ-दहाजणी आल्या होत्या, बर्फातून. त्यातल्या सर्वांत मोठ्या बाईने हातात दिवा धरून शवपेटीपाशी हाक मारली, "नर्स बर्नाडेट हॉर्न्याक, कामावर हजर राहा." कुणी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. कॅराचा धाकटा माझ्या मांडीवर होता, तो म्हणाला, "आजी बोलत का नाही?" तिसऱ्या हाकेनंतर त्या बाईने म्हटलं, "नर्स बर्नाडेट हॉर्न्याक यांचं काम पूर्ण झालं आहे, त्यांना रजा आहे," आणि दिवा फुंकून विझवला.

बर्नाडेट दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत झोपेत हृदय थांबून वारली. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची कामाची पाळी होती.